ॲपमधल्या कुठल्या लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायच्या आणि कशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघं मिळून दुकानदारांसाठीचं एक बिलिंग ॲप सांभाळतो. सध्याची आवृत्ती इलेक्ट्रॉनवर (वेबपानांपासून डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन) आहे, आधीची मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट आणि वेबव्ह्यू२ वर (ॲपच्या खिडकीत वेबपान दाखवायचं साधन) होती. टीममध्ये नवा कोणी आला की महिन्याभरात लिंकबद्दल तेच ते प्रश्न विचारतो, आणि उत्तरं व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये कुठेतरी गाडली गेलेली असतात. म्हणून ती इथे एकत्र केली आहेत. इलेक्ट्रॉनबद्दल जास्त लिहिलंय, कारण रोजचा संबंध त्याच्याशी आहे.

लिंक ॲपच्या खिडकीतच उघडली तर बिघडलं कुठे?

ॲपच्या खिडकीला पत्त्याची पट्टी नसते, टॅब नसतात, मागे जायचं बटण नसतं. एका किराणा दुकानातून आम्हाला फोन आला होता: "बिल गायब झालंय आणि व्हिडिओ दिसतोय." मदतीच्या पानावर यूट्यूबची एक साधी लिंक होती. ती दाबल्यावर मुख्य खिडकीतलं आमचं ॲप गेलं आणि त्या जागी यूट्यूब येऊन बसलं. समोर गिऱ्हाईक उभं, सत्तावीस ओळींचं बिल अर्धवट, आणि परत यायचा एकच रस्ता: ॲप बंद करून पुन्हा चालू करणं. बिल अर्थातच गेलं. चूक पूर्णपणे आमची होती.

हा झाला दिसणारा त्रास. न दिसणारा त्रास जास्त गंभीर आहे. इलेक्ट्रॉनमध्ये प्रीलोड स्क्रिप्ट, म्हणजे पान आणि मशीन यांच्यामधला पूल असलेला कोड, खिडकीला जोडलेली असते, पानाला नाही. त्या खिडकीत जे पान येईल त्याला ती मिळते. आमच्या प्रीलोडमधून प्रिंटर चालवता येतो आणि बॅकअपची फाइल वाचता येते. तोच पूल परक्या पानाच्या हाती द्यायचा का, एवढाच प्रश्न आहे.

मग आत काय ठेवायचं आणि बाहेर काय पाठवायचं?

आपण लिहिलेलं आणि आपल्याच सर्व्हरवरून येणारं पान आत. बाकी सगळं बाहेर. "अमुक साइट बाहेर" अशी यादी कधीही करू नका. ती यादी संपत नाही. यादी करायची ती आत ठेवायच्या पत्त्यांची, आणि आमच्याकडे त्यात दोनच नावं आहेत.

आपल्याच डोमेनवरची मदतीची पानं मात्र आम्ही मुद्दाम बाहेर पाठवतो. माणूस मदत वाचत वाचत काम करतो. त्याला दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी हव्या असतात.

इलेक्ट्रॉनमध्ये लिंक नेमकी कुठे अडवायची?

लिंकला खिडकीतून निसटायला दोन दारं आहेत आणि दोन्हींवर पहारा लागतो. बहुतेक जण एकच दार बंद करतात.

पहिलं दार नव्या खिडकीचं: टार्गेट ब्लँक असलेली लिंक, विंडो-ओपन, शिफ्ट धरून केलेली क्लिक. यासाठी 'सेट विंडो ओपन हँडलर' आहे. त्यात पत्ता तपासायचा, बाहेरचा असेल तर 'शेल'च्या 'ओपन एक्स्टर्नल'ला द्यायचा आणि कृती म्हणून 'डिनाय' परत करायची. डिनायऐवजी 'अलाउ' परत केलंत तर लिंक ब्राउझरमध्येही उघडते आणि ॲपची एक रिकामटेकडी खिडकीही उघडते.

दुसरं दार त्याच खिडकीतल्या प्रवासाचं: टार्गेट नसलेली साधी लिंक. इथे 'विल नेव्हिगेट' हा इव्हेंट (काही घडतंय अशी कोडला मिळणारी सूचना) येतो. पत्ता परका असेल तर 'प्रिव्हेंट डीफॉल्ट' करून तो बाहेर पाठवायचा. आमचं यूट्यूब याच दारातून आत शिरलं होतं.

एक तिसरी फटही आहे. आपल्याच सर्व्हरचा पत्ता दाबला, पण सर्व्हरने ३०२ देऊन दुसरीकडे पाठवलं. त्यासाठी 'विल रीडायरेक्ट' ऐकावं लागतं. जाहिरातींची किंवा मोजणीची लिंक मधे असेल तर हे हमखास होतं.

हे सगळं प्रत्येक खिडकीला वेगळं जोडत बसू नका. 'ॲप'वर 'वेब कंटेंट्स क्रिएटेड' हा इव्हेंट आहे, तिथे एकदाच जोडा. उद्या कोणी प्रिंट प्रिव्ह्यूची नवी खिडकी केली तरी तिलाही पहारा मिळेल.

नेटवर सापडलेला कोड चिकटवला. एरर नाही, पण काहीच होत नाही.

त्या कोडमध्ये 'न्यू विंडो' नावाचा इव्हेंट आहे का बघा. नवा हँडलर इलेक्ट्रॉन १२ मध्ये, म्हणजे २०२१ मध्ये आला आणि जुना इव्हेंट २२ व्या आवृत्तीत काढून टाकला. आता अस्तित्वात नसलेल्या इव्हेंटच्या नावावर कान लावून बसलं तरी जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही. कोड चालतो, फक्त त्याला कधीच कोणी हाक मारत नाही.

काही लिंकवर 'विल नेव्हिगेट' येतच नाही. असं का?

रिॲक्ट किंवा व्ह्यूच्या राउटरने पत्ता बदलला तर तो खरा प्रवास नसतो. पान तेच राहतं, म्हणून इव्हेंट येत नाही. हॅशनंतरचा भाग बदलला तरी तेच. तुम्ही स्वतः 'लोड यूआरएल' बोलावलं तरी येत नाही, कारण ते तुम्हीच ठरवलेलं असतं. यात घाबरण्यासारखं काही नाही.

पत्ता आपल्या नावाने सुरू होतो एवढं तपासलं तर पुरे नाही का?

नाही. ही चूक मी स्वतः केली आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा आपला पत्ता एचटीटीपीएस://उदाहरण.कॉम आहे आणि तुम्ही 'स्टार्ट्स विथ' लावून तपासताय. मग एचटीटीपीएस://उदाहरण.कॉम.भामटा.नेट हाही पास होतो. त्याचा मालक भामटा.नेट आहे, आपलं नाव हे त्याने स्वतःच्या घराच्या एका खोलीला दिलेलं नाव. दुसरी युक्ती: एचटीटीपीएस://उदाहरण.कॉम@भामटा.नेट. इथे @ च्या आधीचा भाग साइट नसून वापरकर्त्याचं नाव मानला जातो.

शेवटावरून तपासलं तर 'खोटंउदाहरण.कॉम' पास होतं. त्यामुळे मजकूर म्हणून पत्ता तपासायचाच नाही. 'यूआरएल' या तयार क्लासने तो फोडायचा आणि त्यातला 'ओरिजिन' (सुरुवातीचा शब्द, डोमेन आणि पोर्ट मिळून) जसाच्या तसा जुळतो का ते बघायचं. सबडोमेन चालवायची असतील तर टिंबासकट शेवट तपासायचा. पत्ता फोडताना एरर आली तर लिंक उघडायचीच नाही, ना आत ना बाहेर.

बाहेरच पाठवायचंय तर 'ओपन एक्स्टर्नल'ला काहीही दिलं तर काय होतं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

'ओपन एक्स्टर्नल' ब्राउझर उघडत नाही. ते ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतं, "हे घे आणि तुला योग्य वाटेल त्या प्रोग्रामने उघड." कोणता प्रोग्राम, ते पत्त्याच्या सुरुवातीच्या शब्दावरून ठरतं. एचटीटीपीएस असेल तर ब्राउझर, मेलटू असेल तर मेल. पण 'फाइल' असेल तर? ती फाइल एखादा प्रोग्राम असू शकते. विंडोजवर 'फाइल'च्या पत्त्यात दुसऱ्या सर्व्हरचं नाव असेल, तर तिथे पोचण्याच्या नादात विंडोज वापरकर्त्याच्या पासवर्डपासून बनवलेला एनटीएलएम हॅश त्या अनोळखी सर्व्हरला देऊ शकतं.

२०२१ मध्ये पॉझिटिव्ह सिक्युरिटी या जर्मन गटाने नेमका हाच विषय घेतला. टेलिग्राम, नेक्स्टक्लाउड, व्हीएलसी, लिब्रेऑफिस, वायरशार्क अशा नावाजलेल्या ॲपमध्ये त्यांना हीच पळवाट सापडली: ॲप मिळेल तो पत्ता न तपासता सिस्टिमच्या हवाली करत होतं. २०२२ च्या मे महिन्यात गाजलेलं फोलिना प्रकरण, म्हणजे सीव्हीई-२०२२-३०१९० (सीव्हीई हा सुरक्षेतल्या त्रुटीचा नोंद क्रमांक), वर्डच्या फाइलमधलं होतं. पण तिथेही कळीचा मुद्दा असाच: 'एमएस-एमएसडीटी' या शब्दाने सुरू होणारा पत्ता विंडोजच्या ट्रबलशूटरला जागं करत होता. आपल्या मशीनवर असे किती शब्द नोंदवलेले असतात हे एकदा रजिस्ट्रीत बघा, झोप उडेल.

म्हणून आमचा नियम आखूड आहे. एचटीटीपीएस, मेलटू आणि टेल (फोन नंबरची लिंक) चालतं. साधं एचटीटीपी नाइलाजाने चालू ठेवलंय, कारण दुकानातल्या प्रिंटरचं सेटिंगचं पान त्यावरच उघडतं. यादीबाहेरचं काहीही आलं तर लॉगमध्ये नोंद होते आणि लिंक उघडत नाही.

"पण आमच्या ॲपमध्ये सगळ्या लिंक आम्हीच लिहितो," असं कोणीतरी म्हणतंच. नीट आठवा. गिऱ्हाइकाच्या नावापुढे शेरा लिहायची चौकट आहे का? त्यातल्या पत्त्यांची आपोआप लिंक होते का? मग लिंक तुम्ही एकटेच लिहीत नाही.

वेबव्ह्यू२ मध्ये हेच कसं करायचं?

दारं तीच, नावं वेगळी. 'न्यू विंडो रिक्वेस्टेड'मध्ये 'हँडल्ड'ला ट्रू करायचं, 'नेव्हिगेशन स्टार्टिंग'मध्ये 'कॅन्सल'ला ट्रू करायचं, आणि पत्ता स्वतः बाहेर उघडायचा. पहिला इव्हेंट हाताळलाच नाही, तर वेबव्ह्यू२ स्वतःहून एक छोटी खिडकी उघडतं, जिच्यावर तुमच्या ॲपचा काहीच ताबा नसतो. परक्या ॲपच्या शब्दांनी सुरू होणाऱ्या पत्त्यांसाठी 'लाँचिंग एक्स्टर्नल यूआरआय स्कीम' हा वेगळा इव्हेंट आहे. तिथे आम्ही सरसकट नकार दिला होता.

आणि तो प्रसिद्ध खड्डा. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये 'प्रोसेस स्टार्ट'ला नुसता पत्ता दिला की ब्राउझर उघडायचा. डॉटनेट कोअरमध्ये त्याच ओळीवर "फाइल सापडली नाही" अशी एरर येते. कारण 'यूझ शेल एक्झिक्यूट' आधी डीफॉल्टने ट्रू होतं, ते आता फॉल्स आहे. 'प्रोसेस स्टार्ट इन्फो' बनवून ते हाताने ट्रू करा. याला वैतागून काही जण 'सीएमडी'मधून 'स्टार्ट' कमांड चालवतात. ते करू नका. पत्त्यात & आलं की कमांड तिथेच तुटते आणि पुढचा भाग वेगळी कमांड समजला जातो. यातून काय काय घडू शकतं ते वरच्या उत्तरावरून ताडता येईल.

ॲपमध्ये वेबपान दाखवायच्या इतर साधनांत, म्हणजे क्यूटी, सीईएफ, मॅक, टॉरीमध्ये?

क्यूटी वेबइंजिनमध्ये पानाचा क्लास वारसाने घेऊन 'ॲक्सेप्ट नेव्हिगेशन रिक्वेस्ट' लिहायचं. फॉल्स परत केलं की प्रवास थांबतो, मग 'क्यू डेस्कटॉप सर्व्हिसेस'चं 'ओपन यूआरएल'. जुन्या क्यूटी वेबकिटमध्ये सगळ्या बाहेरच्या लिंक आपल्याकडे वळवायची एक ओळीची सोय होती, ती वेबइंजिनमध्ये आलीच नाही. त्यामुळे जुनी पुस्तकी उत्तरं चालत नाहीत. सीईएफमध्ये 'ऑन बिफोर ब्राउझ' आणि 'ऑन बिफोर पॉपअप', दोन्हींतून ट्रू परत केलं की लिंक थांबते. मॅकवर डब्ल्यूकेवेबव्ह्यूचा नेव्हिगेशन डेलिगेट निर्णय विचारतो. टार्गेट ब्लँकच्या लिंकला 'टार्गेट फ्रेम' निल असते, ही तिची ओळख. टॉरी २ मध्ये ओपनर प्लगइन आहे आणि कुठले पत्ते चालतील ते परवानगीच्या फाइलमध्येच लिहून ठेवता येतं. ही कल्पना मला फार आवडते.

पान उघडताच ब्राउझरमध्ये आपोआप तीन टॅब उघडले. कोणी काही दाबलंही नव्हतं!

पानात आयफ्रेम (पानाच्या आत बसवलेली दुसरी पानं) आहेत का? नकाशा, व्हिडिओ, कॅप्चा? क्यूटी आणि सीईएफ आयफ्रेमच्या प्रवासासाठीही तोच हँडलर बोलावतात. तुम्ही "परका पत्ता, बाहेर पाठव" असं लिहिलं असेल तर पानातला प्रत्येक नकाशा ब्राउझरमध्ये जाऊन पडतो. मुख्य फ्रेम आहे का हे आधी विचारा. वेबव्ह्यू२ मध्ये आयफ्रेमसाठी इव्हेंटच वेगळा आहे, आणि इलेक्ट्रॉनचं 'विल नेव्हिगेट' फक्त मुख्य फ्रेमचं असतं, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही.

गूगल खात्याने केलेलं लॉगिन ॲपच्या आत चालतच नाही. पत्ता आतल्या यादीत टाकला तरी नाही.

चालणारही नाही. गूगलने २०१६ मध्येच जाहीर केलं होतं की एम्बेडेड ब्राउझरमधून लॉगिन बंद करणार, आणि पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने ते केलंही. कारण सरळ आहे: ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये टाइप केलेला पासवर्ड ॲपला वाचता येतो, आणि समोरचं पान खरंच गूगलचं आहे का हे बघायला पत्त्याची पट्टीही नाही. यूझर एजंट (ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख) बदलून गंडवायचे उपाय सापडतील, पण ते आज चालतात आणि उद्या बंद पडतात.

रीतसर मार्ग ऑक्टोबर २०१७ च्या आरएफसी ८२५२ (इंटरनेटच्या पद्धती ठरवणारा दस्तऐवज) मध्ये दिला आहे. लॉगिनचं पान खऱ्या ब्राउझरमध्ये उघडायचं. ॲपने १२७.०.०.१ वर एखादं मोकळं पोर्ट उघडून ऐकत बसायचं. लॉगिन झालं की ब्राउझर त्या पत्त्यावर एक कोड घेऊन परत येतो. तो कोड मधे कोणी उचलला तरी त्याला वापरता येऊ नये म्हणून पीकेसीई ही जादा पडताळणी लावायची. 'लोकलहोस्ट' हे नाव न वापरता आकडेच वापरा, असंही त्या आरएफसीत सुचवलंय. वापरकर्त्याला यात एक फायदा लगेच दिसतो: ब्राउझरमध्ये तो आधीच लॉगिन असतो, पासवर्ड पुन्हा टाकावा लागत नाही.

पेमेंटचं पान बाहेर पाठवलं तर "अवैध विनंती" असं येतं.

कारण ते पान लिंकने उघडत नाही, फॉर्मने उघडतं. रक्कम, ऑर्डर क्रमांक, सही हे सगळं 'पोस्ट'च्या, म्हणजे फॉर्मची माहिती पाठवणाऱ्या विनंतीच्या, पोटात असतं. 'ओपन एक्स्टर्नल'ला आपण फक्त पत्ता देतो. पोट मागेच राहतं. बँकेच्या पानाला रिकामा पत्ता मिळतो आणि ते नकार देतं.

इलेक्ट्रॉनच्या हँडलरला मिळणाऱ्या तपशिलात 'पोस्ट बॉडी' असते. ती असेल तर लिंक बाहेर पाठवू नका. आम्ही आधी अशा वेळी प्रीलोड नसलेली वेगळी खिडकी उघडायचो. आता सर्व्हरवर पेमेंटचा एक साधा दुवा तयार करतो, जो खऱ्या ब्राउझरमध्ये उघडतो आणि फॉर्म तिथून जातो. नेटबँकिंगसाठी लोकांना पत्त्याची पट्टी दिसायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

यूपीआयच्या लिंकचं काय? 'यूपीआय' शब्दाने सुरू होणाऱ्या लिंक फोनसाठी असतात. दुकानातल्या विंडोजवर त्या घेणारं कोणी नसतं. तिथे क्यूआर दाखवा.

पीडीएफची लिंक बाहेर उघडली तर ब्राउझर "सापडलं नाही" म्हणतो.

पत्ता 'ब्लॉब'ने सुरू होतो का? ब्लॉब ही ॲपच्या मेमरीतली वस्तू आहे. बाहेरच्या ब्राउझरला ती दिसणं शक्यच नाही. पीडीएफ टेम्प फोल्डरमध्ये लिहा आणि 'ओपन पाथ'ने उघडा. फाइलचं नाव तुम्ही ठरवा, पानाला ठरवू देऊ नका.

लिंक बाहेर उघडली, पण तिथे पुन्हा लॉगिन मागतं.

ॲपमधल्या ब्राउझरच्या कुकीज वेगळ्या, खऱ्या ब्राउझरच्या वेगळ्या. टोकन (लॉगिन झाल्याची खूण) पत्त्यात चिकटवून पाठवायचा मोह होतो. तसं केलं तर ते ब्राउझरच्या हिस्ट्रीत जाऊन बसतं. सर्व्हरकडून एकदाच चालणारा आणि मिनिटभरात मरणारा कोड घ्या, आणि तो वापरल्याबरोबर स्वच्छ पत्त्यावर रीडायरेक्ट करा.

मराठी अक्षरं असलेल्या लिंक तुटतात. हा युनिकोडचा दोष का?

युनिकोडचा नाही, आपला. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. विकिपीडियाच्या पत्त्यातला 'पुणे' घ्या: प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हं, बारा बाइट, ३६ अक्षरं. आता हा आधीच एन्कोड केलेला पत्ता कोणी "सुरक्षिततेसाठी" आणखी एकदा एन्कोड केला की बाराच्या बारा टक्क्यांच्या चिन्हांमागे '२५' चिकटतं, ३६ ची ६० अक्षरं होतात आणि पान सापडत नाही. दहातली आठ प्रकरणं हीच असतात. 'यूआरएल' क्लासमधून बाहेर पडलेला पत्ता जसाच्या तसा द्या, पुन्हा हात लावू नका.

मेलटूच्या लिंकमध्ये मराठी मजकूर भरणाऱ्यांसाठी आणखी एक. विंडोजवर 'ओपन एक्स्टर्नल'च्या पत्त्याला २०८१ अक्षरांची मर्यादा आहे. चिन्हामागे नऊ अक्षरं धरली तर साधारण २३० चिन्हांत ती संपते. "नमस्कार, आपलं बिल सोबत जोडलं आहे" एवढं मावतं. उधारीची आठवण सविस्तर करून द्यायची असेल तर मावत नाही. मजकूर क्लिपबोर्डवर टाका आणि तसं सांगा.

डोमेनच देवनागरीत असेल, म्हणजे .भारतने संपणारं, तर 'यूआरएल' क्लास ते 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रूपात देतो. यादीतही तेच रूप ठेवा, नाहीतर जुळणार नाही.

लिनक्सवर क्लिक करूनही काहीच होत नाही.

ॲपइमेज (एकाच फाइलीत बांधलेलं लिनक्स ॲप) आहे का? ॲपइमेज आपल्या लायब्ररींचा मार्ग एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवते, 'एक्सडीजी-ओपन'ने उघडलेला ब्राउझर तोच वारसा घेतो आणि चुकीच्या लायब्ररी उचलून सुरू होताच मरतो. बाहेर पाठवण्याआधी ते एन्व्हायर्नमेंट पुसून घ्या. फ्लॅटपॅक या दुसऱ्या बांधणीत हे काम पोर्टल करतं, तिथे सहसा त्रास नसतो.

प्रत्येक वेळी "बाहेर उघडू का?" असं विचारावं का?

आपण लिहिलेल्या लिंकला नाही. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस न वाचता 'हो' दाबतो. वापरकर्त्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या लिंकला मात्र विचारावं, आणि विचारताना पूर्ण डोमेन दाखवावं. व्हीएस कोडची पद्धत बरी आहे: अनोळखी डोमेन असेल तर विचारतं, आणि विश्वासाच्या डोमेनची यादी वापरकर्त्याला करू देतं.

आम्हीच क्रोममध्ये उघडावं का? सगळ्यांकडे असतोच.

नाही. डीफॉल्ट ब्राउझर ही त्या माणसाची निवड आहे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुक आणि टीम्समधल्या लिंक डीफॉल्ट काहीही असला तरी एजमध्ये उघडायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी त्यावर भरपूर तोंडसुख घेतलं. आपल्याला ते परवडणार नाही.

हे सगळं नीट चालतंय हे तपासायचं कसं?

कोडच्या रिपॉझिटरीत एक एचटीएमएल पान ठेवलंय, त्यात चौदा लिंक आहेत: साधी, टार्गेट ब्लँक, विंडो-ओपन, आपल्या डोमेनवरून परक्याकडे रीडायरेक्ट होणारी, @ वाली, 'फाइल' वाली, ब्लॉब, मेलटू, पोस्ट फॉर्म, 'पुणे' वाली, आयफ्रेमच्या आतली वगैरे. प्रत्येकीपुढे लिहिलंय की काय व्हायला हवं: आत, बाहेर की काहीच नाही. रिलीजच्या आदल्या दिवशी ज्याची पाळी असेल तो बसून त्या सगळ्या दाबतो. आधी डाव्या बटणाने, मग मधल्या, मग शिफ्ट धरून. विंडोजवर आणि उबुंटूवर दोन्हीकडे. पंचवीस मिनिटं लागतात.